रजोनिवृत्तीची गोळी आणि स्तनाचा कर्करोग

रजोनिवृत्ती ही स्त्रीच्या आयुष्यातील स्वाभाविक अवस्था नसून इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या अभावातून उद्भवणारी व्याधी होय, आणि त्या संप्रेरकाची भरपाई बाहेरून केली म्हणजे तारुण्य अबाधित राहते, असे प्रतिपादन न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९६६ साली एका पुस्तकातून केले, तेव्हा अमेरिकेतील असंख्य स्त्रियांनी ते मनोभावे स्वीकारले. गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या तेथे १९४२ पासूनच विक्रीस होत्या. १९७५ साली या गोळ्यांचा गर्भाशयाच्या कर्करोगाशी संबंध उघडकीस आला, म्हणून त्यांच्या जोडीला प्रोजेस्टिन हे दुसरे संप्रेरक देण्याची तजवीज झाली. स्तनाच्या बाबतीत या जोडीचा परिणाम काय होतो, याची पुरी शहानिशा मात्र व्हावयाची राहिली.

गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांचे हृदय अधिक निरोगी असते, असे निरीक्षणांतून दिसत होते खरे. परंतु त्या बहुधा सुशिक्षित, सुस्थितीतील आणि प्रकृतीची काळजी वाहणाऱ्या असल्यामुळे श्रेय गोळीचे की राहणीचे, याचा फैसला निरीक्षणाने होण्याजोगा नव्हता. तो ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या सरकारी संशोधनप्रकल्पाने केला. ५० ते ७९ वर्षे वयाच्या १६,६०८ स्त्रियांपैकी कोणाला या दोहोंची खरी, संयुक्त गोळी द्यावयाची आणि कोणाला तिच्यासारखीच दिसणारी निरौषधी, हे यदृच्छेने ठरविण्यात आले. आणि नियोजित मुदत पुरी होण्यापूर्वीच, जुलै २००२ मध्ये, हानी लाभाहून अधिक ठरल्यामुळे ही चाचणी थांबवावी लागली. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाचा कर्करोग निरौषधी गटात ३० जणींना, तर संयुक्त गोळीच्या गटात ३८ जणींना झाला होता.

दहा हजारांत आठ! एकेका स्त्रीच्या दृष्टीने हा धोका अल्प आहे, आणि तिला भयभीत करणे मी अनुचित समजतो. पण लक्षावधी स्त्रिया जे औषध वर्षानुवर्षे घेतात त्याच्या बाबतीत आठ हा आकडा लहान राहत नाही. गोळ्यांचा खप झपाट्याने उतरल्यावर २००३ साली अमेरिकेत या रोगाचे प्रमाण सुमारे सात टक्क्यांनी घटले, हा मोठा बोलका दाखला आहे. त्याहून विस्मयकारक गोष्ट अशी की, गर्भाशय काढलेल्या ज्या स्त्रियांना याच प्रकल्पात केवळ इस्ट्रोजेन दिले गेले, त्यांच्यात हा धोका वाढला नाही, उलट कमीच आढळला. तेव्हा ‘हार्मोनची गोळी’ असे मोघम बोलून भागत नाही.

राहणीचा संबंधही बव्हंशी संप्रेरकांशीच पोहोचतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन मुख्यतः मेदात तयार होते, म्हणून त्या वयातील स्थूलता धोका वाढविते. मद्य तर थोडेही अपायकारक. आणि बाळाला अंगावर पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी मात्र २०१८ सालचा निकाल ध्यानी घ्यावा: २५,८७१ स्त्रीपुरुषांच्या चाचणीत त्या गोळ्यांनी कर्करोगाला पायबंद बसला नाही.

ज्या भगिनी रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी गोळ्या घेत असतील त्यांनी त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. गोळीत कोणती संप्रेरके आहेत आणि ती किती काळ घ्यावयाची आहे, हे दोन प्रश्न मात्र आपल्या डॉक्टरांना निःसंकोचपणे विचारावेत.