शंभरातले आठच

साखर, रक्तदाब आणि एलडीएल कोलेस्टेरॉल हे तिन्ही एकाच वेळी आटोक्यात आहेत, असे भारतातल्या ज्ञात मधुमेहींपैकी फक्त ७.७ टक्के. शंभरात जेमतेम आठ. आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणातला हा आकडा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागे ५,७८९ मधुमेहींची तपासणी आहे.

सुटे आकडे इतके वाईट नाहीत. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी) ७ टक्क्यांखाली असणारे ३६.३ टक्के, रक्तदाब १४०/९० च्या खाली असणारे ४८.८ टक्के, एलडीएल १०० च्या खाली असणारे ४१.५ टक्के. आता या तिन्हींचा गुणाकार करून पाहा. तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नसता, तर सगळे निकष पार करणारे ७.४ टक्के भरले असते. प्रत्यक्षात ते ७.७ टक्के आहेत. म्हणजे ‘शुगर नॉर्मल आली’ या वाक्यातून बीपी आणि कोलेस्टेरॉलविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. शरीर एकच, फाइलही एकच, पण आकड्यांची एकमेकांशी ओळख नाही.

हृदयाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. १९९० मध्ये देशातल्या एकूण मृत्यूंपैकी १५.२ टक्के हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होत होते. २०१६ मध्ये हे प्रमाण २८.१ टक्क्यांवर गेलं. २०२१ च्या अंदाजानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. प्रौढांतलं प्रमाण शहरांत १६.४ टक्के, खेड्यांत ८.९ टक्के.

शहर आणि खेडं या दोन रकान्यांमधली रेघ नवी मुंबईतल्या बोनकोडे गावाने जागचं न हलता ओलांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. ठाणे पट्ट्यातली भातशेती आणि मिठागरं गेली, गावठाण तेवढं कोपरखैरण्याच्या इमारतींच्या मध्ये उरलं. जेवणातला भात आणि तांदळाची भाकरी राहिली. ती जिरवणारं काम गेलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडियाबच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राच्या शहरी भागात मधुमेह १०.९ टक्के होता, ग्रामीण भागात ६.५. त्याच टप्प्यात महाराष्ट्रातल्या ९१.३ टक्के लोकांनी फावल्या वेळात कोणताही व्यायाम नसल्याचं नोंदवलं. शेतावर राबणाऱ्याला वेगळ्या व्यायामाची गरज नव्हती. शेत गेल्यावर हा आकडा धोक्याचा होतो.

मग वजन उतरवलं की हृदय वाचतं का? या प्रश्नावरचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. ‘लुक अहेड’ नावाच्या या चाचणीत जादा वजनाचे ५,१४५ मधुमेही होते. अर्ध्यांना मोजून आहार आणि आठवड्याला १७५ मिनिटांच्या व्यायामाचं लक्ष्य. उरलेल्यांना नेहमीची माहिती आणि सल्ला. पहिल्या वर्षी पहिल्या गटाचं वजन ८.६ टक्के उतरलं, दुसऱ्याचं ०.७ टक्के. सुमारे साडेनऊ वर्षांनी हृदयविकार, पक्षाघात अशा घटना मोजल्या तेव्हा पहिल्या गटात त्या ४०३ निघाल्या, दुसऱ्यात ४१८. हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतका लहान आहे. चाचणी २०१२ मध्ये मुदतीआधीच थांबवण्यात आली.

निकालाच्या पोटात दोन गोष्टी आहेत. शेवटपर्यंत टिकलेली घट ६ टक्के होती आणि दुसऱ्या गटाचं वजनही तोवर ३.५ टक्के उतरलं होतं, म्हणजे अंतर उरलं अडीच टक्क्यांचं. शिवाय दुसऱ्या गटात स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी घेणारे अधिक होते. नंतरच्या विश्लेषणात असं दिसलं, की पहिल्या वर्षी १० टक्के किंवा अधिक वजन उतरवलेल्यांमध्ये धोका २१ टक्क्यांनी कमी होता. ८० किलोच्या माणसाला हे ८ किलो होतात. पण हे विश्लेषण मागाहून केलेलं आहे. त्याला पुराव्याचा पूर्ण मान देता येत नाही.

पूर्ण मान द्यावा असा आकडा डेन्मार्कच्या ‘स्टेनो-२’ चाचणीचा आहे. रुग्ण फक्त १६०. पण तिथे एका गटावर आहार, व्यायाम, तंबाखूबंदी आणि साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉलची औषधं असा सगळा मारा एकदम केला गेला. सुमारे आठ वर्षांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटनांचा धोका ५३ टक्क्यांनी घटला. एकवीस वर्षांनंतरच्या हिशेबात या गटाच्या आयुष्यात मध्यमान ७.९ वर्षांची भर पडली होती.

वजनकाट्यावरचा विश्वास कमी करणारा पुरावा आपल्याकडेही आहे. चेन्नईच्या २००६ च्या चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३१ जण होते. नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटातल्या ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला, जीवनशैली बदललेल्या गटात ३९.३ टक्क्यांना. वजनात लक्षणीय घट न होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. हे दोघांच्या छायाचित्रासह २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणही तेच सांगतं: २०१९-२१ मध्ये बीएमआयनुसार २४ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या होत्या (२०१५-१६ मध्ये २०.६), पण कंबर-नितंब गुणोत्तरानुसार धोक्यात ५६.७ टक्के. पुरुषांत २२.९ आणि ४७.७.

कंबरेची भारतीय मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८०. शिंप्याची टेप पुरते. आठवड्याला १७५ मिनिटांचा व्यायाम म्हणजे रोज २५ मिनिटं. त्याला कोपरखैरण्याचं निसर्ग उद्यान आहे. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खाडीकाठच्या घरात सुकी मासळी आणि लोणचं या हिशेबात धरायला हवं. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि पुढच्या वेळी शुगर तपासायला जाल, तेव्हा त्याच भेटीत रक्तदाब आणि एलडीएलही मोजून मागा.