एरंडेलाचा गोंद आणि प्रकाशाची जादू

जुन्या लाकडी खिडक्यांच्या काचा ज्या लांबीने बसवत, ती खडूची भुकटी आणि जवसाचे तेल मळून केलेली असे. जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सावकाश घट्ट होते, त्याला दिवसच्या दिवस लागतात. वनस्पती तेलावर काही रासायनिक संस्कार केले, तर हेच काम दिव्याच्या प्रकाशात काही सेकंदांत होते. आपण बडोदेकरांनी हा विषय समजून घ्यावा असे आम्हाला वाटते, कारण त्यासाठी लागणारे एक महत्त्वाचे तेल आपल्या गुजरातेतच सर्वांत जास्त निघते. ते म्हणजे एरंडेल.

प्रकाशाने गोंद घट्ट कसा होतो?

दाताच्या डॉक्टरांकडे पांढरे फिलिंग करून घेतले असेल, तर निळा दिवा आठवेल. त्या मऊ लेपात प्रकाश शोषून घेणारा एक पदार्थ अगदी थोडा मिसळलेला असतो. दातांसाठी बहुधा कॅम्फरक्विनोन वापरतात. तो साधारण ४६८ नॅनोमीटरचा निळा प्रकाश सर्वांत चांगला शोषतो. प्रकाश पडला की त्यापासून अतिशय क्रियाशील कण तयार होतात आणि लेपातल्या ॲक्रिलेट जातीच्या रेणूंना एकमेकांत गुंफत जातात. सुटे रेणू जाळ्यात अडकले की लेप कडक होतो. काच आणि मोबाइलचे पडदे जोडणारे गोंदही याच रीतीने घट्ट होतात.

तेल यात कुठे येते?

घरातले तेल दिव्याखाली ठेवले तर काहीच होणार नाही. त्याच्या रेणूला आधी ॲक्रिलेटचे ‘हात’ जोडावे लागतात. सोयाबीन तेलात हे दोन पायऱ्यांत करतात. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने तेलातल्या दुहेरी बंधांचे इपॉक्साइड करायचे आणि मग त्यावर ॲक्रिलिक आम्लाची क्रिया करायची.

एरंडेलाची गोष्ट वेगळी आहे. त्यातले सुमारे ८५ ते ९० टक्के मेदाम्ल रिसिनोलिक असते आणि त्याच्या साखळीवर बाराव्या कार्बनला हायड्रॉक्सिल गट निसर्गतःच असतो. म्हणजे हात जोडायला खुंटी तयारच! दोन्ही टोकांना पकड असलेले आयसोसायनेट वापरून एक टोक तेलाला आणि दुसरे ॲक्रिलेटला जोडता येते.

दुसरे कारण स्वयंपाकघराशी निगडित आहे. आपला देश खाद्यतेलाच्या गरजेचा मोठा भाग आयातीतून भागवतो. अशा वेळी फोडणीचे तेल गोंदासाठी वळवणे कितपत शहाणपणाचे? एरंडेल खाद्यतेल नाही. जगातल्या एरंडीचे बहुतांश उत्पादन भारतात होते आणि त्यातही मेहसाणा, पाटण, बनासकांठा हा उत्तर गुजरातचा पट्टा आघाडीवर आहे.

मर्यादा

जिथे प्रकाश पोचत नाही, तिथे हा गोंद ओलाच राहतो. म्हणून काचेला काच जोडायला तो उत्तम, पण लाकडाला लाकूड जोडायला निरुपयोगी. जवसाच्या तेलाला जो ऑक्सिजन घट्ट करतो, तोच इथे आडवा येतो आणि वरचा थर चिकट राहतो. तेलाच्या लांब साखळ्यांमुळे जोड लवचिक होतो, पण उष्णतेत मऊही पडतो. म्हणून त्यात दुसरे कडक घटक मिसळावे लागतात.

‘वनस्पतीजन्य’ हा शब्दही पारखून घ्यावा. ॲक्रिलिक आम्ल बहुतेक वेळा प्रोपिलीनपासून, म्हणजे पेट्रोरसायनांतून येते. कोयलीची रिफायनरी आणि तिच्या आसपासचे कारखाने पाहिलेल्या आपल्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको. तेल झाडाचे असले तरी तयार गोंद अर्धामुर्धाच झाडाचा असतो आणि एकदा जाळे झाले की तो मातीत सहज कुजेलच असे नाही.

घरात वापरताना

काच सांधायचे गोंद आणि नखांचे जेल आता दिव्यासकट घरपोच मिळतात. न सुकलेले ॲक्रिलेट त्वचेला लागत राहिले तर ॲलर्जी होऊ शकते. ती एकदा जडली की सहसा जात नाही आणि पुढे दातांच्या उपचारांतही अडचण येऊ शकते. नखांच्या जेलमध्ये वापरला जाणारा टीपीओ हा प्रकाश शोषणारा पदार्थ युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत वापरण्यास मनाई केली आहे. डबीवर हिरवे पान छापलेले असले तरी हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि मुलांच्या हाती हे देऊ नये.

रसायनशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी मात्र इथे भरपूर काम शिल्लक आहे. ॲक्रिलेटचा भागही वनस्पतींपासून मिळवणे आणि वापर संपल्यावर सुटा करता येईल असा जोड तयार करणे, हे दोन प्रश्न जगभरच्या प्रयोगशाळांत चर्चेत आहेत. त्यांना लागणारा कच्चा माल तर आपल्या दाराशीच पिकतो.