हाकेचा रकाना

जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत तीस वर्षे नावे लिहिण्यात ज्याची नोकरी सरली, त्यास नावांविषयी कुतूहल म्हणून काही उरत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि विदर्भातल्या एका लहान नगरपालिकेच्या दप्तरात कारकून म्हणून रुजू होऊन त्याच टेबलावरून सेवानिवृत्त झालेला मीही, आता एखाद्या नावाने आपली झोप उडावी असे काही शिल्लक राहिलेले नाही, याच समजुतीत नागपूरच्या महालातल्या जुन्या घरी पेन्शनीचे दिवस काढीत होतो. अनुक्रमांक, तारीख, लिंग, मातापित्यांची नावे, कायमचा पत्ता, एवढ्या रकान्यांत मनुष्याचा प्रारंभ मावतो, असे मला वाटे. ती समजूत माझ्या नातीने जन्मताच मोडीत काढली.

लेक डब्लिनला नोकरी करते आणि जावई आयरिश आहेत, बॉइन नदीच्या काठच्या मीथ परगण्यातले. पहिले बाळंतपण माहेरीच व्हायचे, हा आमच्या घरचा रिवाज त्यांनी आनंदाने मान्य केला. मात्र त्याबरोबर नवराबायकोंनी आपसात एक तहनामाही करून ठेवला होता, की मुलगा झाल्यास नाव मराठी, आणि मुलगी झाल्यास जावयांच्या आजीच्या बोलीतले, म्हणजे आयरिश. माघ शुद्ध दशमीस मुलगी झाली. चंद्र रोहिणी नक्षत्राच्या तिसऱ्या चरणात होता, आणि सत्तावीस नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांना मिळून जी एकशेआठ अक्षरे अवकहडा चक्रात वाटून दिलेली आहेत, त्यांत रोहिणीच्या वाट्याला ओ, वा, वी, वू ही येतात, म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी पंचांग मिटून निकाल दिला, “नाव ‘वी’वरून. मग ते कुठल्याही मुलखातले असो.”

परदेशी नावाचे महालात कुणाला वावडे असेल, असे मला वाटले नाही. 1845 मध्ये आलेल्या स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याचे नाव इथल्या महाविद्यालयाच्या रूपाने आजही रिक्षावाल्यांच्या तोंडी आहे. आणि आयर्लंडच्या टायरोन परगण्यात जन्मलेल्या मार्गारेट नोबल यांना 1898 च्या मार्चमध्ये विवेकानंदांनी ‘निवेदिता’ केले, ते नाव तर आपण इतके आपलेसे करून घेतले, की त्यामागची मार्गारेट आता मुद्दाम आठवावी लागते. तिकडची एक मुलगी इकडचे नाव घेऊन आपली होऊ शकते, तर इकडच्या पाळण्यातल्या मुलीने तिकडचे नाव घेण्यास हरकत कोणती? अडचण निघाली ती निराळ्याच ठिकाणी, कागदावर.

जावयांनी नावांची एक यादी रोमन लिपीत लिहून आणली होती. शेजारचे एक सेवानिवृत्त प्राध्यापक, ज्यांचे इंग्रजी आमच्या आळीत प्रमाण मानले जाते, त्यांनी ती हाती घेतली आणि पहिलेच नाव ‘नियाम्ह’ असे वाचले. जावई नम्रपणे म्हणाले, “नीव.” पुढचे प्राध्यापकांनी ‘साधभ’ वाचले, जावई म्हणाले, “साइव्ह.” तिसऱ्या नावाला प्राध्यापकांनी चष्मा काढून ठेवला. त्याच वेळी बाळाला न्हाऊमाखू घालणारी बाई, जिला इंग्रजीच काय, मराठीही वाचता येत नाही, बाळंतिणीच्या खोलीच्या दारात शेगडी फुंकत बसली होती. ती म्हणाली, “नीव, साइव्ह. सोपं तर हाय. काहून घोटाळून राह्यले जी?” आणि तिचा उच्चार, जावयांनी शपथेवर सांगितले, त्यांच्या आजीच्या उच्चाराच्या अगदी जवळचा होता.

या घोटाळ्याचे मूळ मी पुढे चौकशी करून समजून घेतले. आयरिश भाषेत व्याकरणाच्या नियमानुसार व्यंजने मृदू होतात, ‘ब’चा आणि ‘म’चा पुष्कळदा ‘व’ होतो. आणि जुन्या आयरिश छपाईत अशा मृदू झालेल्या अक्षराच्या डोक्यावर एक टिंब देत. विसाव्या शतकाच्या मध्यास साध्या रोमन टंकाचा स्वीकार झाला, तेव्हा ते टिंब गेले आणि त्याच्या जागी प्रत्येक वेळी एक ‘ह’चे अक्षर येऊन बसले. ज्यांना ही दप्तरी व्यवस्था ठाऊक नाही, ते त्या मुक्या अक्षराला बोलते करू पाहतात आणि फसतात. देवनागरीत मात्र ऐकू येते ते लिहायचे असल्यामुळे, लंडनच्या शाळेत जी नावे हजेरीच्या वेळी शिक्षकांना अडखळवतात, ती आमच्या ओसरीवर दोन-तीन अक्षरांत निमूटपणे मावू लागली. मी पाटी घेतली आणि यादीतली निवडक नावे नव्याने लिहून काढली: मेव, डिअर्द्रे, नीव, ब्रीद.

मग एकेका नावाची सुनावणी झाली. ‘मेव’ ही कॉनॉख्टची राणी; एका बैलासाठी तिने अल्स्टरवर स्वारी केली, ती कथा जावई सांगू लागले तेव्हा मला विराटपर्वातले गोग्रहण आठवले. या नावाचा अर्थ ‘मत्त करणारी’ असा असून त्याच्या मुळाशी असलेला शब्द आपल्या ‘मधु’चा सख्खा भाऊ आहे, असे कळल्यावर मी काहीसा लोभावलोही होतो, परंतु सौभाग्यवतींना त्यात मधापेक्षा मद्याचा वास अधिक आला. ‘डिअर्द्रे’ची कथा ऐकून घरातल्या सगळ्याच बायका गप्प झाल्या: ही मुलगी आईच्या उदरातूनच किंचाळली, आणि कथबद नावाच्या द्रष्ट्याने तिचे नाव सांगतानाच, हिच्या रूपापायी योद्धे मरतील, असे भाकीतही सांगितले, ते खरे ठरले. नाव आणि नशीब एकाच श्वासात उच्चारले गेलेले ते नाव पाळण्यात घालण्यास कुणी धजेना. ‘नीव’ म्हणजे कांती, तेज. ती समुद्रपारच्या चिरतारुण्याच्या भूमीतली राजकन्या. तिच्यासवे गेलेल्या ओशीनला तिथे तीन वर्षे राहिल्यासारखे वाटले आणि परत येऊन पाहतो तो मायदेशी तीन शतके उलटलेली. ब्रह्मलोकी क्षणभर थांबलेला ककुद्मी राजा कन्या रेवतीसह पृथ्वीवर परतला तेव्हा युगे लोटली होती, ही आपली कथा मी सांगितली, तर लेक हसत म्हणाली, “बाबा, परदेशात राहणाऱ्या मुलीला हे नाव नको. दर खेपेला मी नागपूरला येते तेव्हा मला हेच वाटतं.” हसू तिचे होते, पण पाटीवरचे ते नाव मीच पुसले.

उरले ‘ब्रीद’. प्राचीन ‘ब्रिगिद’ या नावाचे हे घासून गुळगुळीत झालेले रूप. त्यातला अखेरचा ‘द’ किंचित तालव्य, द आणि ज यांच्या सीमेवर उभा असतो. या नावाच्या दोन स्त्रिया परंपरेत एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. एक जुन्या आयरिश लोकांची देवता, जिला कॉर्मकच्या हजारेक वर्षांपूर्वीच्या शब्दकोशात कवींची आराध्या म्हटले असून, वैद्यकाची आणि लोहारकामाची अशा तिच्या त्याच नावाच्या दोन बहिणीही सांगितल्या आहेत; आणि दुसरी किल्डेअरच्या मठाची संस्थापक संत, जिच्या मठात एकोणीस जोगिणी आळीपाळीने एकेक रात्र अग्नी जागवीत आणि विसाव्या रात्री तो संत स्वतःच सांभाळते असे मानीत. त्या संतेचे संगोपन तांबड्या कानांच्या एका शुभ्र गाईच्या दुधावर झाले, अशी आख्यायिका आहे. आणि ‘रोहिणी’ या शब्दाचा एक अर्थ तांबडी गाय असा आहे, याची आठवण मी सौभाग्यवतींना हळूच करून दिली.

नावांच्या बाजारी पुस्तकांत याचा अर्थ ‘अग्निबाण’ असा छापलेला आढळतो. तो त्या कॉर्मकचाच. नादावरून शब्दाचे तुकडे पाडून अर्थ लावण्याची खोड आपल्याकडच्या जुन्या निरुक्तकारांना होती, तशीच त्यालाही. आजचे भाषाशास्त्र मात्र त्याचे मूळ ‘उंच, उन्नत’ या अर्थाच्या धातूत दाखवते आणि शेजारी संस्कृतातला ‘बृहती’ हा शब्द आणून उभा करते. वेल्श गणितज्ञाचा मुलगा असलेल्या विल्यम जोन्स यांनी 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्याच्या सभेत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान उगमाविषयी जे प्रसिद्ध भाषण केले, त्यात केल्टिकही याच कुळातली असावी असे त्यांनी जरा जपूनच सुचवले होते. महालातल्या ओसरीवर ते कुळ आता एका पाटीपुरते एकत्र बसले होते. आणि बृहतीची ही सगळी वंशावळ मी उलगडीत असता, न्हाऊ घालणाऱ्या बाईने तेलाची वाटी खाली ठेवून तिच्यापुरता प्रश्न केव्हाच निकालात काढला: “ब्रीद म्हंजे विठोबाचं ब्रीद, तेच नं? मंग चांगलंच हाय.”

तरीही दोन आक्षेप शिल्लक होते. पारस्कराच्या गृह्यसूत्रात मुलीचे नाव विषम अक्षरांचे आणि आकारान्त असावे असे सांगितले आहे. ‘ब्रीद’ लिहिताना दोन अक्षरांचे, बोलताना एकाच स्वराचे, म्हणजे कानाच्या हिशेबाने विषम. आकारान्त मात्र ते काही केल्या होईना. दुसरा आक्षेप सौभाग्यवतींचा, आणि तो अधिक कडक: रोहिणीचे अक्षर ‘वी’, आणि नाव ‘ब’चे. ब आणि व यांत भेद मानू नये, हे जुने वचन मी पुढे केले. त्यांनी ते कारकुनी पळवाट म्हणून फेटाळले. एवढ्यात आतून बाळ रडले आणि जावई उठून पाळण्याकडे जाता जाता लाडाने म्हणाले, “अ व्रीद, अ व्रीद!”

आम्ही सगळेच थबकलो. मी त्यांना विचारले, की नाव ब्रीद, मग हाक व्रीद कशी? त्यांना या प्रश्नाचेच नवल वाटले. त्यांच्या भाषेत हाक मारताना नावापूर्वी ‘अ’ येतो आणि त्याच्या स्पर्शाने पुढचे व्यंजन मृदू होते. ‘ब’ असेल तर ‘व’ होतो. आपल्याकडे संस्कृतात सीतेला हाक मारताना ‘सीते’ होते, म्हणजे संबोधनात नावाचे शेपूट बदलते. तिकडे तोंड बदलते, एवढाच फरक. सौभाग्यवती क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “नक्षत्राचं अक्षर हाक मारायलाच असतं ना? लिहायला थोडंच असतं.” हुकूमनामा झाला.

बाराव्या दिवशी बारसे. कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, आणि आत्या मीथहून आली होती. 1 फेब्रुवारी हा ब्रिगिदचा सण; 2023 पासून तिकडे त्या सणानिमित्त सार्वजनिक सुटीही मिळू लागली आहे. त्याच्या आदल्या संध्याकाळी लव्हाळ्याच्या पात्यांचा क्रूस विणून दारावर लावतात. तसा एक तिने कपड्यांच्या घडीत जपून आणला होता, तो आंब्याच्या डहाळीशेजारी चौकटीवर लागला. परंपरेप्रमाणे आधी वरवंटा, मग बाळ, पाळण्याच्या वरून आणि खालून फिरू लागले, आणि बायका गोविंद-गोपाळांची नावे घेऊ लागल्या, तेव्हा आत्याने ‘गोविंद’ हा शब्द ओळखल्यासारखा पुन्हा म्हणायला लावला. तिच्या गावच्या बॉइन नदीचे टॉलेमीने नोंदवलेले नाव ‘बुविंदा’ असे आहे. त्यातला पूर्वार्ध आपल्या ‘गो’चाच भाऊबंद, आणि त्या सबंध नावाची ‘गोविंद’शी तुलना काही अभ्यासकांनी केलेली आहे. ताटात पसरलेल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने मी ‘ब्रीद’ लिहिले. आत्या पाळण्यावर वाकली, शिकवल्याबरहुकूम ‘कुर्र’ म्हणाली, आणि नाव सांगताच पाठीवर पडलेल्या धपाट्यांनी, आगाऊ सूचना दिलेली असूनही, दचकून सरळ झाली.

चार दिवसांनी मी नोंदणीच्या खिडकीपुढे उभा होतो; आयुष्यात प्रथमच खिडकीच्या या बाजूस. 1969 च्या कायद्याने जन्माची वर्दी एकवीस दिवसांत द्यावी लागते, नाव मात्र बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते. परंतु 2023 च्या दुरुस्तीनंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टापर्यंत हाच दाखला पुरावा म्हणून दाखवायचा असल्याने, अक्षर न अक्षर आताच नीट बसावे, असा माझा आग्रह होता. इंग्रजी रकान्यात तो बसला नाही. आयरिश लिपीत ‘ई’ दीर्घ आहे हे दाखवणारी एक तिरपी रेघ स्वरावर असते, आणि तिचे तिकडचे नाव ‘फादा’, म्हणजे चक्क ‘दीर्घ’. ती रेघ काही त्या संगणकातून निघेना. मराठी रकान्यात मात्र दुसरी वेलांटी तिच्या जागी ऐटीत उभी राहिली. शिक्क्याची शाई वाळेपर्यंत मी तिच्याकडे पाहत राहिलो. आयर्लंडमधले सर्वांत जुने लेखन म्हणजे ओघम लिपीतले शिलालेख, आणि त्यांवर नावांखेरीज बहुधा काही नसते: अमक्याचा, तमक्याच्या पुत्राचा, आमच्या दप्तरातल्या ‘वल्द’सारखेच. दगडात कोरणाऱ्या त्या अनामिक कारकुनालाही हाकेतले नाव कोरता आले नसेल.

वैशाखात जावई दोघींना न्यायला आले. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बाळ अंगणात चटईवर उताणे पडले होते. ओसरीवरून जावयांनी हाक दिली, “अ व्रीद!” त्याच वेळी मोरीकडून बाई पदराला हात पुशीत आली आणि तिच्या खड्या वऱ्हाडी आवाजात म्हणाली, “अवं ब्रीदे, इकडे पाह्य नं!” एकीकडे नावाचे तोंड बदललेले, दुसरीकडे शेपूट, आणि पारस्कराला हवा होता तो नसला, तरी निदान एक दीर्घ स्वर तिने शेवटी आपल्या हाताने जोडून दिला होता. पोरीने आधी या आवाजाकडे मान वळवली, मग त्या. मी सवयीने खिशातले पेन काढले. आणि हे नेमके कुठल्या रकान्यात लिहावे ते न सुचून पुन्हा खिशाला लावले.