राजघाटावरच्या पाकळ्या

ऑक्टोबर २००४. ब्रह्मदेशाचा लष्करशहा थान श्वे दिल्लीला आला आणि शिरस्त्याप्रमाणे त्याला राजघाटावर नेण्यात आलं. काळ्या संगमरवरावर त्याने गुलाबाच्या पाकळ्या वाहिल्या. बातम्यांत असं दृश्य क्षणभर दिसतं आणि विसरलं जातं. चित्रपटकार अमर कंवर यांनी ते विसरू दिलं नाही. ‘द फेस’ या छोट्या फिल्ममध्ये त्यांनी ते संथ केलं, पुन्हा पुन्हा दाखवलं. तोच हात, त्याच पाकळ्या. आधी नजर समाधीकडे जाते. मग मात्र ती चेहऱ्यावरून हलत नाही. विरोधकांना तुरुंगात डांबणारा माणूस गांधींपुढे उभा आहे आणि त्याला आपल्याच सरकारने मानाने आणलंय, हे एकदा बघून अंगात मुरत नाही. पुनरावृत्ती हवी ती यासाठी.

कंवर १९६४ साली दिल्लीत जन्मले, जामिया मिलियात चित्रपट शिकले. ‘द फेस’ हा त्यांच्या ‘द टॉर्न फर्स्ट पेजेस’ (२००४–०८) या एकोणीस प्रक्षेपणांच्या मांडणीचा एक तुकडा. मंडाले म्हटलं की आपल्याला टिळक आणि ‘गीतारहस्य’ आठवतं. त्याच शहरात को थान टे नावाचे पुस्तकविक्रेते होते. पुस्तकांच्या पहिल्या पानावर लष्करी राजवटीची घोषवाक्यं छापलेली असत. विकण्याआधी ते हे पान फाडून टाकत, म्हणून त्यांना तुरुंगवास झाला. मांडणीचं नाव या फाडलेल्या पानांवरूनच. कंवर यांनी पडदेही कागदाचेच केले: धातूच्या चौकटींत टांगलेले सुटे कागद, आणि त्यांवर हलती चित्रं.

यातलं बरंचसं चित्रण त्यांचं नाहीच. ब्रह्मी कार्यकर्त्यांनी जिवावर उदार होऊन चोरून टिपलेलं, लपवून देशाबाहेर काढलेलं ते साहित्य आहे. दुसऱ्याचं चित्रण वापरणं म्हणजे आयतं काम, असं मानणाऱ्यांनी मा विन मॉ ऊचा तुकडा बघावा. १९८८ च्या सप्टेंबरात रंगूनमध्ये गोळी लागलेली ही शाळकरी मुलगी. रक्ताने माखलेल्या तिला दोघे उचलून नेताहेत, एवढं एकच छायाचित्र. कंवर त्यापाशीच थांबतात. पुढे जायची घाई नाही, कारण पुढे तिचं आयुष्यच नाही.

थेट विन आँग या विद्यार्थी नेत्यावरही यात चित्रण आहे. त्याला ५९ वर्षांची शिक्षा होती. मांडणीचं काम चालू असतानाच, २००६ मध्ये, तो मंडालेच्या तुरुंगात मरण पावला.