सायकलची निगा आणि शाळेची वाट

सकाळी शाळा भरण्याच्या सुमारास ग्रामीण भागातील कोणत्याही रस्त्यावर उभे राहिले, तर सायकलींची एक रांग हमखास दृष्टीस पडते. कॅरियरला दप्तर बांधलेल्या विद्यार्थिनी, दुधाच्या किटल्या अडकविलेले गवळी, टपालाची पिशवी घेतलेला पोस्टमन आणि शेतावर निघालेला मजूर ही सारी मंडळी ह्याच वाहनावर अवलंबून असतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. तिला इंधन लागत नाही व चालविण्यास परवाना लागत नाही. ती बिघडली, तर बहुतेक वेळा गावातल्या गावात दुरुस्त होऊ शकते.

जर्मनीतील कार्ल फॉन ड्रायस ह्याने १८१७ मध्ये पायांनी जमिनीला रेटा देऊन चालविण्याचे दुचाकी यंत्र तयार केले. १८८५ मध्ये इंग्लंडच्या जॉन केम्प स्टार्ली ह्याने सारख्या उंचीची दोन चाके आणि मागच्या चाकाला गती देणारी साखळी असलेली सायकल सिद्ध केली, आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर प्रचारात आणला. आज खेड्यापाड्यांत दिसणाऱ्या काळ्या सायकलीची मूळ रचना ह्या दोन शोधांवरच उभी आहे. यंत्र इतके जुने आणि साधे असल्यामुळेच त्याची निगा कोणालाही शिकता येते. तरीही किरकोळ बिघाडामुळे महिनोन् महिने भिंतीला टेकून ठेवलेल्या सायकली अनेक घरांत आढळतात.

अंतर आणि शिक्षण

सायकल बंद पडली की सर्वांत मोठे नुकसान शाळकरी मुलींचे होते. गावात सातवीपर्यंतचीच शाळा असेल, तर पुढील शिक्षणासाठी शेजारच्या गावी जावे लागते. चार किलोमीटरचे अंतर पायी कापावयास सुमारे एक तास लागतो. तेच सायकलीवर वीस मिनिटांत पार पडते. रोजचे दोन तास चालण्यात गेले की घरकाम आणि अभ्यास ह्यांची सांगड बसत नाही, आणि घरची माणसे मुलीची शाळा थांबविण्याचा विचार करू लागतात.

ही अडचण ओळखून राज्यातील १२५ तालुक्यांत राबविण्यात आलेल्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू विद्यार्थिनींना सायकलीसाठी साहाय्य देण्यात आले. बिहारमध्ये २००६ साली नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी अशीच योजना सुरू झाली. तिच्या अभ्यासात मुलींच्या माध्यमिक प्रवेशात सुमारे ३२ टक्क्यांनी वाढ झाल्याचे दिसून आले. ज्या गावांपासून माध्यमिक शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर होती, तेथे ही वाढ विशेषकरून आढळली. तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या वर्षांत साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल चालविण्यास शिकल्या. सायकलीमुळे त्यांची बाजारहाट, दवाखाना आणि कामाची जागा ह्यांसाठी दुसऱ्यावर विसंबून राहण्याची गरज कमी झाली.

तथापि, सायकल मिळाली म्हणजे काम संपले असे मात्र नाही. ती वर्षभर चालती राहिली, तरच योजनेचा हेतू सफल होतो. त्या दृष्टीने सायकलस्वारांना नित्य पडणाऱ्या काही प्रश्नांचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

पंक्चर वारंवार का होते ?

कोरडवाहू भागात सराटे आणि बाभळीचे काटे हे पंक्चरचे मुख्य कारण होय. काटा टायरमध्ये तसाच राहिला, तर नवी ट्यूबही दुसऱ्या दिवशी पंक्चर होते. म्हणून पंक्चर काढताना टायरच्या आतील बाजूवरून कापडाचा बोळा फिरवून काटा शोधून काढावा.

दुसरे कारण कमी हवा हे आहे. हवा कमी असताना चाक खड्ड्यात आदळले की ट्यूब रिम व रस्ता ह्यांच्यामध्ये चेपते आणि तिला जवळजवळ दोन समांतर चिरा पडतात. अशा खुणा दिसल्या, तर दोष काट्याचा नसून हवा न भरण्याचा आहे हे ओळखावे. उलट, उन्हाळ्यात टायर टणक भरून सायकल दुपारभर उन्हात ठेवल्यास आतील हवा प्रसरण पावते आणि जुनी ट्यूब किंवा जुने ठिगळ दगा देते.

पंक्चर काढण्याची रीत सोपी आहे. ट्यूब बाहेर काढून हवा भरावी, घमेल्यातील पाण्यात बुडवून बुडबुडे कोठून येतात ते पाहावे. ती जागा कोरडी करून पॉलिशपेपरने खरखरीत करावी, सोल्युशन लावून ते थोडे सुकू द्यावे आणि मगच ठिगळ दाबून बसवावे. सोल्युशन ओले असतानाच ठिगळ लावण्याची घाई हीच बहुतेक वेळा नडते. पाण्यात बुडबुडे दिसलेच नाहीत, तर व्हॉल्व्हवर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. आतील बारीक रबरी नळी कुजल्यामुळे हवा जात असल्याचे अनेकदा आढळते, आणि ती नळी अत्यल्प खर्चात बदलता येते.

चेन का पडते ?

चेन पडण्यामागे बहुधा तीन कारणे असतात : चेन सैल होणे, मागच्या चाकाचे नट ढिले होऊन चाक तिरके होणे, किंवा दाते झिजणे. चेनच्या मध्यभागी बोटाने दाबले असता ती साधारणपणे एक ते दीड सेंटिमीटर हलावी. त्याहून अधिक हलत असल्यास मागचे चाक सरळ रेषेत थोडे मागे ओढून दोन्ही बाजूंचे नट घट्ट करावेत. दाते टोकदार झाले असतील, तर चेन व फ्रीव्हील एकाच वेळी बदलणे हितावह ठरते. झिजलेल्या फ्रीव्हीलवर नवी चेन टिकत नाही.

तेल घालण्यापूर्वी चेन रॉकेलने किंवा कोरड्या कापडाने स्वच्छ करावी. मळलेल्या चेनवर तेल ओतल्यास धूळ व तेल ह्यांचा लगदा तयार होऊन झीज वाढते. प्रत्येक कडीवर थेंबभर तेल सोडावे आणि वरचे तेल पुसून टाकावे. पावसाळ्यात हे काम अधिक वेळा करावे लागते.

पायडल बदलताना एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. डाव्या पायडलीचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावल्यास आटे मरतात, आणि पाच मिनिटांच्या कामासाठी पूर्ण दांडा बदलण्याची वेळ येते. चाकाची एखादी तार तुटल्यास तीही लगेच घालून घ्यावी. तिचा भार शेजारच्या तारांवर पडून त्याही तुटू लागतात व चाकाला आउट येतो.

सीट, ब्रेक आणि दमणूक

सायकल चालविताना गुडघे दुखतात, अशी तक्रार मुले करतात. त्याचे कारण बहुधा सीटच्या उंचीत असते. पायडल सर्वांत खाली असताना तिच्यावर टाच ठेवली, तर पाय सरळ झाला पाहिजे. पुढे चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो व ताकद वाया जात नाही. नवशिक्यांनी मात्र दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली ठेवावी आणि तोल साधल्यावर ती वर घ्यावी.

पुढच्या चक्राला ४४ व मागच्याला १८ दाते असले, तर पायडलीच्या एका फेरीत मागचे चाक सुमारे अडीच वेळा फिरते आणि २८ इंची चाकाची सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे सोयीचे असते. चढावर तेवढाच जोर अपुरा पडतो. अशा वेळी उतरून सायकल हाती घेऊन चालणे ह्यात कमीपणा काहीच नाही.

ब्रेक दोन्ही एकदम, पण बेताने दाबावेत. थांबताना भार पुढच्या चाकावर येत असल्याने पुढचा ब्रेक अधिक परिणामकारक असतो. परंतु तो एकटाच जोराने दाबल्यास स्वार हँडलवरून पुढे फेकला जाण्याचा धोका असतो. केवळ मागचा दाबल्यास चाक घसरत जाते. पावसात रिम ओली झाली की ब्रेक उशिरा लागतो, म्हणून वेग आधीच कमी ठेवावा.

रस्त्यावरील सुरक्षितता

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यांत चार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. सायकलस्वाराभोवती लोखंडी कवच नसते. त्यामुळे दुसऱ्याच्या नजरेत भरणे हेच त्याचे मोठे संरक्षण होय. पुढे पांढरा, मागे लाल आणि पायडल व चाकांना पिवळे परावर्तक असावेत. त्यांवरील चिखल रोज पुसावा. रात्रीच्या प्रवासात मात्र परावर्तकाबरोबर दिवाही हवा. परावर्तक दुसऱ्याच्या प्रकाशातच चमकतो, आणि ऊसाच्या हंगामात बिनदिव्याच्या बैलगाड्या व ट्रॉल्या रस्त्यावर उभ्या असतात.

ओढणी किंवा साडीचा पदर चाकात वा चेनमध्ये अडकून होणारे अपघात साधे नसतात. चेनकव्हर शाबूत ठेवणे आणि ओढणी कमरेशी बांधणे ही सवय लावावी. दप्तर हँडलला न अडकविता कॅरियरला बांधावे. वळण्यापूर्वी मागे पाहावे व हात दाखवावा. शाळेतून परतताना तिघीचौघींनी गप्पा मारत शेजारीशेजारी न चालविता एकामागून एक जावे.

शाळा आणि ग्रामपंचायत ह्यांचा वाटा

ह्यांतील बरीचशी कामे सामुदायिक प्रयत्नाने सुलभ होतात. शाळेत एक पंप, पान्यांचा संच, टायर काढण्याच्या पट्ट्या, सोल्युशन, ठिगळे, तेलाची बुधली व एक घमेले एवढे साहित्य ठेवले आणि महिन्यातील एक शनिवार सायकल तपासणीस दिला, तर थोड्याच अवधीत वरच्या वर्गातील मुली स्वतः पंक्चर काढू लागतील. साखळी, दाते आणि घर्षण ह्यांचा विज्ञानातील पाठही त्यानिमित्ताने प्रत्यक्ष शिकविता येईल.

रस्त्याची जबाबदारी मात्र मुलांवर टाकता येत नाही. बाभळीची छाटणी व कुंपणाची कामे झाल्यावर काटेरी फांद्या रस्त्याच्या कडेला पडून राहतात, आणि सायकलस्वाराला नेमके कडेनेच जावे लागते. त्या उचलून घेणे, साइडपट्ट्यांवरील खड्डे मुरुमाने भरणे, गतिरोधकांवर पांढरे पट्टे ओढणे आणि शाळेच्या आवारात सायकलींसाठी छपराची सोय करणे ही कामे मोठ्या खर्चाची नाहीत. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात त्यांचा समावेश होऊ शकतो. वर्षारंभी शिक्षक, सरपंच व पालक ह्यांनी मुलींच्या नेहमीच्या वाटेवरून एकदा सायकलीने फेरी मारली, तर कोणते काम आधी हाती घ्यावे हे सांगण्यास निराळ्या अहवालाची आवश्यकता उरणार नाही.

सायकल दुरुस्तीअभावी पडून राहिली, की मुलीची शाळेतील गैरहजेरी आधी एका दिवसाची, मग आठवड्याची होते आणि अखेरीस हजेरीपटावरून तिचे नावच कमी होते. ही साखळी पहिल्याच कडीला तोडणे शक्य आहे. त्यासाठी कधी एक ठिगळ, कधी तेलाचे चार थेंब, तर कधी रस्त्यावरून उचललेली एक काटेरी फांदीही पुरेशी ठरते.