जीर्णोद्धार आणि जतन : सातारा-सांगली भागातील वास्तुरक्षणाचा एक प्रश्न

सातारा व सांगली ह्या जिल्ह्यांतील जुन्या वास्तूंविषयी लिहिताना लोकांच्या अनास्थेची तक्रार करण्याचा प्रघात पडला आहे. ती तक्रार सर्वस्वी खोटी नव्हे; परंतु ती अर्धीच आहे. ह्या भागातील बहुतेक गावांना आपल्या देवळाची, वेशीची, बारवेची आस्था असते, आणि हाती पैसा आला की गाव सर्वांत आधी देवळाकडेच वळते. अनास्थेमुळे जितक्या वास्तू पडल्या असतील त्यांच्या बरोबरीने, कदाचित त्यांहून अधिक वास्तूंचे मूळ रूप ह्या आस्थेमुळे नाहीसे झाले आहे. वर्गणी गोळा होते, समिती नेमली जाते, आणि काळ्या पाषाणाच्या भिंतींवर तैलरंग चढतो. गाभाऱ्यात चकचकीत फरशी बसते. सभामंडपापुढे सिमेंटचा मंडप उभा राहतो. ह्या सर्वांस गाव ‘जीर्णोद्धार’ म्हणते. पुरातत्त्वज्ञ ज्यास ‘जतन’ म्हणतो ते ह्याहून निराळे आहे. स्थानिक प्रयत्नांचे मूल्यमापन करावयाचे तर ह्या दोन शब्दांमधील अंतर प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

जीर्णोद्धाराची कल्पना आपल्याकडे अर्वाचीन नाही. अग्निपुराणात जीर्णोद्धारविधीवर स्वतंत्र अध्याय आहे. मयमतात ‘अनुकर्मविधान’ ह्या नावाने तोच विषय आला आहे. ह्या परंपरेत जीर्ण वस्तूविषयी हळवेपणा नाही. भंगलेले लिंग किंवा मूर्ती विधिपूर्वक हलवून जलाशयात विसर्जित करावी आणि तिच्या जागी नवी स्थापावी, असे पुराणकार निःशंकपणे सांगतो. युरोपात १८७७ साली विल्यम मॉरिस व त्याचे सहकारी यांनी प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी जी संस्था काढली, तिचे सूत्र ह्याच्या नेमके उलट होते: जुन्यास जुनेच राहू द्यावे, त्याची डागडुजी करावी, पण त्यास नवे करू नये. जॉन मार्शल याने १९२३ साली भारतीय पुरातत्त्व खात्यासाठी तयार केलेल्या संरक्षणविषयक नियमपुस्तिकेत हेच सूत्र स्वीकारले. म्हणजे सरकारी अधिकारी व गावचा पुजारी एकाच देवळापुढे उभे असतात तेव्हा दोन भिन्न शास्त्रे मनात धरून उभे असतात. एकास दगड हा पुरावा वाटतो, दुसऱ्यास तो देवाचे घर वाटतो. दोघांपैकी कोणीही अडाणी नव्हे.

परंतु एक गोष्ट बहुधा नजरेआड होते. अग्निपुराणात नवी वस्तू जुन्या वस्तूच्याच द्रव्याची व त्याच प्रमाणाची असावी, असे बंधन घातले आहे. पाषाणाच्या जागी पाषाण, लाकडाच्या जागी लाकूड, माप तेच. हे बंधन लक्षात घेतले तर सिमेंट, चिनी फरशी व तैलरंग यांनी होणारे काम पुरातत्त्वाच्या दृष्टीने जतन तर नव्हेच, पण परंपरेच्या दृष्टीनेही त्यास जीर्णोद्धार म्हणणे कठीण आहे. स्थानिक समित्यांशी बोलताना कायद्याच्या कलमांपेक्षा हा मुद्दा अधिक उपयोगी पडण्यासारखा आहे.

द्रव्याचा हा आग्रह केवळ धार्मिक आहे असेही नाही. ह्या भागातील बाराव्या-तेराव्या शतकांतील देवळे घडीव दगडांची असून त्यांचे सांधे पुष्कळदा चुन्यावाचून, कोरडेच बसविलेले आहेत. पावसाचे पाणी भिंतीत शिरते व सांध्यांतून पुन्हा बाहेर पडते. जमीन थोडी खचली तरी दगड आपापल्या जागी किंचित सरकून भार सावरतात. मराठेशाहीतील घाट, वाडे व देवळे चुन्यात बांधलेली आहेत. घाणीत मळलेला, मुरविलेला चुना हवेतील कर्बवायू शोषून सावकाश घट्ट होतो, आणि घट्ट झाल्यावरही थोडा लवचिक राहतो. बारीक चीर पडली तर पाण्यात विरघळलेला चुना तिच्यात पुन्हा साचून ती काही अंशी आपोआप बुजते. सिमेंटला हे साधत नाही. सिमेंटने दर्जा भरल्या म्हणजे बाहेरून भिंत मजबूत दिसते, पण आत शिरलेल्या पाण्याची वाट बंद होते. बेसाल्ट स्वतः फारसे पाणी सोडणारा दगड नव्हे. त्यामुळे ओल भिंतीच्या गाभ्यातील भरावातच कोंडून राहते, भराव भुसभुशीत होतो, आणि काही पावसाळ्यांनंतर दर्शनी थर पोट काढून बाहेर येतो. गळती थांबविण्यासाठी शिखरावर वा छतावर ओतलेला काँक्रीटचा थर तर जुन्या खांबांवर नवे ओझेच लादतो. तैलरंगाचे दोष आणखी निराळे आहेत. रंग काढण्यासाठी पुढे वाळूचा मारा केला जातो, आणि त्या माऱ्यात कोरीव कामाच्या कडा व शिलालेखांची अक्षरे झिजतात.

आता प्रदेशाकडे वळावे. आजचे दोन जिल्हे दीर्घ काळ एकाच प्रशासकीय चौकटीत होते. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या सातारा गॅझेटियरमध्ये वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यातच धरलेले आहेत. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ साली दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण अशा संस्थानांनी विभागलेल्या ह्या मुलखात वास्तूंचे आश्रयदातेही अनेक होते. आश्रय संपल्यावर त्यांचे वारसदार कोण, हा प्रश्न म्हणूनच येथे अधिक गुंतागुंतीचा झाला.

स्थानिक जतनाचे पहिले मोठे प्रयत्न येथे वास्तूंसाठी नव्हे, तर कागदांसाठी झाले. वाईत मिळालेल्या कागदांवर विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला. त्याच्या एक वर्ष आधी मिरजेत वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरावरून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापण्यास आरंभ केला होता. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी कागद, चित्रे व नकाशे यांचा मोठा संग्रह जमविला; त्यांच्या मृत्यूनंतर तो १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली औंध येथे श्रीभवानी वस्तुसंग्रहालय उभारले, आणि ते आजही तेथेच आहे. ह्या पिढीने जे केले ते अलौकिक होते यात संशय नाही. पण कागद व मूर्ती हलविता येतात, वाडा हलविता येत नाही. वाड्यातील दप्तर सुरक्षित झाले म्हणजे वाड्याचे इतिहासकार्य संपले, असा एक अव्यक्त समज त्या काळात रूढ झाला, आणि त्याचे परिणाम अद्याप दिसतात.

मेणवली येथील नाना फडणिसांचा वाडा ह्याचे बोलके उदाहरण आहे. मेणवली दप्तर हे पेशवाईच्या अभ्यासाचे एक प्रमुख साधन. पारसनीसांमुळे ते अभ्यासकांना खुले झाले. वाडा मात्र कृष्णेच्या काठी, आपल्या चौकांसह व भित्तिचित्रांसह मागे राहिला, तो खाजगी मालकीत. तो टिकला आहे ह्याचे श्रेय कोणत्याही खात्यास नसून त्याची देखरेख करणाऱ्या कुटुंबास आहे. लाकडी वाडा रिकामा ठेवला की वाळवी व गळती त्याचा थोड्या वर्षांत फडशा पाडतात. रोज दार उघडणारा माणूस हीच त्याची पहिली दुरुस्ती. घाटावरील देवळांजवळ वसईच्या मोहिमेतून आणलेली, १७०७ साली ओतलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तीही जागची हलली नाही. चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे हा घाट सर्वपरिचित झाला आहे; प्रसिद्धीचा तेवढा लाभ खरा.

वाईचे ढोल्या गणपतीचे मंदिर १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधले. नदीच्या बाजूची त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचा लोंढा तिच्यावर येऊन दुभंगावा, अशी ती योजना. पुराचे पाणी येणारच असे गृहीत धरून ही वास्तू बांधलेली आहे. तासगावच्या गणपतीचे सात मजली गोपुर हे परशुरामभाऊ पटवर्धनांनी दक्षिणी शैलीचे केलेले अनुकरण असून ह्या मुलखात ते दुर्मीळच म्हणावे लागेल. दोन्ही ठिकाणी नित्य पूजा व वार्षिक उत्सव चालू आहेत. अशा वास्तूंना ‘मृत स्मारकां’चे नियम जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे आता सर्वमान्य झाले आहे. १९९४ च्या नारा येथील परिषदेने अस्सलपणाची कल्पना प्रत्येक संस्कृतीच्या संदर्भात पाहावी असे म्हटले. इंटॅक ह्या संस्थेच्या २००४ च्या सनदेने परंपरागत कारागिरांच्या ज्ञानासही संरक्षणाचा विषय मानले. वाईच्या भिंतीचे रक्षण करावयाचे तर चुन्याचे काम जाणणारा गवंडीही जगला पाहिजे, असा ह्याचा व्यवहारातील अर्थ.

ह्या सर्व चर्चेत लिंब येथील बारामोटेची विहीर हे विचारप्रवर्तक उदाहरण ठरते. साताऱ्याजवळच्या ह्या विहिरीतील शिलालेखात वीरूबाई भोसले यांचे नाव असून बांधकामाचा काळ शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ असा येतो. मुख्य विहीर अष्टकोनी. खोली सुमारे ११० फूट व व्यास सुमारे ५० फूट. जिन्याच्या वाटेवर विहिरीतच एक महाल रचलेला आहे, आणि वर बारा मोटा एका वेळी चालतील अशी सोय आहे. बैलांची धाव, थारोळे, पाटाचे तोंड यांच्या जागा अजून ओळखू येतात. शाहूकालीन जलव्यवस्था, शिल्प व निवास यांचा असा एकत्र पुरावा अन्यत्र क्वचितच मिळेल. ती इतकी अविकृत कशी राहिली? विहिरी, बारवा व तळी यांच्या उद्धाराचे मोठे पुण्य पुराणाने सांगितले आहे खरे, पण आजचा दाता देवळासाठी पैसे देतो, विहिरीसाठी देत नाही. म्हणून तिच्यावर रंग चढला नाही. मोटा बंद पडल्या तरी पाणी आटले नाही, म्हणून ती बुजविलीही गेली नाही. विस्मृती व उपयुक्तता यांच्या सांध्यात ती तगली. आता ती प्रवाशांची आवडती जागा झाली आहे, आणि तिची खरी कसोटी आताच आहे.

संगम माहुलीची स्थिती ह्याहून करुण आहे. येथे देवळे आहेत, घाट आहेत, आणि सातारच्या राजघराण्यातील स्त्री-पुरुषांच्या समाध्याही आहेत. देवळे पूजेमुळे टिकली. समाध्यांना पूजा नसल्याने त्या गाळाखाली जात राहिल्या. महाराणी ताराबाईंच्या समाधीची दुर्दशा वारंवार चर्चेत आली आहे. महाराणी येसूबाईंच्या समाधीचे स्थान साताऱ्यातील ‘जिज्ञासा’ ह्या संस्थेच्या अभ्यासकांनी अलीकडे कागदपत्रांच्या आधारे पुढे आणले. कागदाचे जतन व वास्तूचे जतन ह्यांची शंभर वर्षांपूर्वी झालेली फारकत येथे थोडी भरून निघाली, हे त्या कामाचे विशेष महत्त्व.

किल्ल्यांवर काम करणाऱ्या तरुणांच्या मंडळ्या हा आजचा सर्वांत उत्साही स्थानिक प्रयत्न होय. पायवाटा मोकळ्या करणे, तटावरील झाडे काढणे, बुजलेली टाकी उपसणे ही कामे त्या सुट्टीच्या दिवशी, पदरमोड करून करतात. त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि टाके उपसणे हे केवळ सफाईचे काम नव्हे. टाक्याच्या तळाचा गाळ थरांनी साचलेला असतो; त्यातील खापरे, बांगड्यांचे तुकडे, नाणी व कोळसा कोणत्या थरात सापडले यावरच त्यांचे कालदृष्ट्या मूल्य अवलंबून असते. फावड्याने गाळ एकदा कड्यावरून लोटला की ते मूल्य गेले. तटातील पिंपळ नुसता छाटला तर मुळे अधिकच फोफावतात, आणि उपटला तर दगड बरोबर येतात. संरक्षित किल्ल्यावर अशा कामास पूर्वपरवानगी आवश्यक आहे, ती ह्याच कारणाने. २०२५ साली प्रतापगडाचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला आहे. तेव्हा ह्या जिल्ह्यातील इतर गडांवरील वर्दळही वाढेल असे दिसते.

कायद्याचा आधार किती, हेही पाहिले पाहिजे. १९५८ चा केंद्रीय कायदा व १९६० चा राज्याचा कायदा हे घोषित स्मारकांपुरते आहेत. केंद्रसंरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियमन, अशी तरतूद २०१० साली झाली. परंतु गावोगावची देवळे, वेशी, वीरगळ व बारवा बहुतांशी कोणत्याच यादीत नाहीत. देवळाचा विश्वस्त न्यास १९५० च्या कायद्याखाली नोंदलेला असतो. त्याचे हिशेब तपासले जातात, भिंतींचे काय झाले ते कोणी तपासत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा पांढऱ्या मातीच्या भिंतींची कित्येक जुनी घरे भिजून बसली. त्यांची मोजमापे आधी कोठेही घेतलेली नव्हती, म्हणून काय गेले हे नेमके सांगताही येत नाही.

घोषणेची वाट न पाहता करता येण्यासारखे काम त्यामुळे नोंदणीचे आहे: तलविन्यासाचे आरेखन, प्रत्येक भिंतीचे छायाचित्र, शिलालेखाचा ठसा, वीरगळांची मोजमापे व त्यांचे मूळ स्थान. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या दोघा-तिघांच्या गटास एका गावासाठी काही दिवस पुरतात. कालाचे बंधन मात्र आहे. ह्या भागातील गावजत्रा माघापासून वैशाखापर्यंत चालतात, आणि देवळास रंग देण्याचे काम बहुधा जत्रेच्या तोंडावर निघते. सर्वेक्षण कार्तिक ते पौष ह्या अवधीत, गवत वाळल्यानंतर व रंगाचे डबे गावात येण्यापूर्वी, पुरे व्हावयास हवे.