अपिलाचा वकील: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नागपूरच्या इतवारीत दुकानाच्या ताब्यावरून किंवा वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून वाद पेटला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "इथं हरलो तर हायकोर्टात जाऊ." सराफा ओळीपासून धान्यबाजारापर्यंत मालक आणि भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या एकाच छपराखाली धंदा करतात, त्यामुळे कोर्टाची पायरी अनेक घरांच्या ओळखीची आहे. सिव्हिल लाइन्समधली हायकोर्टाची इमारतही लांब नाही. तरीही तिथे अपील चालवणारा वकील नेमकं काय काम करतो, हे पक्षकाराला ठाऊक नसतं आणि त्या व्यवसायात उतरू पाहणाऱ्या मुलामुलींनाही. या अज्ञानापायी पक्षकाराचा हक्क जातो आणि तरुण वकिलाची उमेदीची वर्षं चुकीच्या तयारीत जातात.

गैरसमज: अपील म्हणजे तोच खटला पुन्हा पहिल्यापासून.

वस्तुस्थिती: अपिलात साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात येत नाहीत. खालच्या कोर्टात जे कागद दाखल झाले आणि जे जबाब नोंदले गेले, त्यांवरच वरचं कोर्ट निकाल तपासतं. समजा, दुकान रिकामं करण्याचा हुकूम झाल्यावर भाडेकरूला माळ्यावरच्या पेटीत जुनी भाडेपावती सापडली. ती अपिलात सहज जोडता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41, नियम 27 प्रमाणे, पुरेशी काळजी घेऊनही ती आधी सादर करणं शक्य नव्हतं हे पटवावं लागतं, किंवा खालच्या कोर्टाने ती चुकीने नाकारली हे दाखवावं लागतं. म्हणूनच अपिलाचा पाया खालच्या कोर्टातच घातला जातो. उलटतपासणीत न विचारलेला प्रश्न हायकोर्टात विचारता येत नाही.

गैरसमज: अपील केलं की निकाल आपोआप थांबतो.

वस्तुस्थिती: थांबत नाही. स्थगितीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि ती देणं कोर्टाच्या हाती असतं. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस मिळतात, हायकोर्टात 90 दिवस. प्रमाणित नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो, पण नकलेचा अर्जच उशिरा केला तर ती सवलत उपयोगी पडत नाही.

गैरसमज: एकावर एक अपिलं करत सुप्रीम कोर्टापर्यंत जाण्याचा प्रत्येकाला हक्क आहे.

वस्तुस्थिती: वर जावं तशी वाट अरुंद होते. पहिल्या अपिलात पुरावा आणि कायदा दोन्ही तपासले जातात. दुसरं अपील मात्र कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच दाखल करून घेतलं जातं. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या 1976 च्या दुरुस्तीने ही अट घातली. इतवारीतल्या दुकानदारांना लागू होणारा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 तर आणखी कडक आहे. जिल्हा न्यायालयातल्या अपिलानंतर पुढे अपीलच नाही. हायकोर्टात पुनरीक्षण अर्ज किंवा रिट याचिकेने जाता येतं, पण तिथे पुराव्याची फेरतपासणी होत नाही. सुप्रीम कोर्टात राज्यघटनेच्या अनुच्छेद 136 खाली मागितली जाते ती परवानगी. ती देणं न्यायालयाच्या विवेकावर असतं.

गैरसमज: या कामात वक्तृत्वच सगळं.

वस्तुस्थिती: हे काम मुख्यतः वाचनाचं आणि लेखनाचं आहे. शेकडो पानांच्या रेकॉर्डमधून निकालाची नेमकी चूक शोधायची आणि ती अपिलाच्या मेमोत मोजक्या मुद्द्यांत मांडायची. कधी सारा वाद दोन शब्दांवर येऊन ठेपतो. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका बालिकेच्या प्रकरणात त्वचेला त्वचेचा स्पर्श झाला नसल्याने पोक्सो कायद्यातला लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निकाल दिला. त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात अपिलं झाली. नवा साक्षीदार कोणी आला नाही. प्रश्न होता कलम 7 मधल्या 'शारीरिक संपर्क' या शब्दांच्या अर्थाचा. 18 नोव्हेंबर 2021 रोजी सुप्रीम कोर्टाने लैंगिक हेतू निर्णायक मानून तो निकाल रद्द केला. एका कलमाच्या नीट वाचनाने देशभरातल्या मुलांचं संरक्षण शाबूत राहिलं. अपिलाच्या वकिलाचं सामर्थ्य ते हेच.

गैरसमज: नागपूरचं खंडपीठ दुय्यम, खरं हायकोर्ट मुंबईत.

वस्तुस्थिती: 1936 पासून नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय होतं. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर इथे मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आलं आणि आज विदर्भाच्या 11 जिल्ह्यांची प्रकरणं तिथे चालतात. त्याच्या निकालांना मुंबईच्या निकालांइतकंच वजन आहे. नागपुरात वकिली केलेले मोहम्मद हिदायतुल्ला, शरद बोबडे आणि भूषण गवई देशाचे सरन्यायाधीश झाले.

गैरसमज: हायकोर्टात वकिलीसाठी वेगळी परवानगी लागते आणि मराठीत शिकलेल्याचं ते काम नाही.

वस्तुस्थिती: कायद्याची पदवी, बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा एवढं झालं की त्याच सनदेवर हायकोर्टातही उभं राहता येतं. वेगळी परीक्षा आहे ती सुप्रीम कोर्टात 'ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड' होण्यासाठी. हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत चालतं, म्हणून इंग्रजी कमवावंच लागतं. पण सातबारा, पंचनामा, जबाब हे सारं मराठीत असतं. साक्षीदाराच्या तोंडचा वऱ्हाडी शब्द भाषांतरात वाकला, तर न्यायही वाकतो. तो शब्द ओळखणारा वकील विदर्भाला हवा आहे. गवई स्वतः अमरावतीच्या मराठी शाळेत शिकले.

गैरसमज: अपील श्रीमंतांनाच परवडतं.

वस्तुस्थिती: विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीतले आरोपी यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. ही मदत हायकोर्टातही मिळते. तरुण वकिलाला अशा प्रकरणांतून अपिलाचा खरा सराव होतो.

या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्यांनी सुरुवातीची काही वर्षं जिल्हा न्यायालयात साक्षीपुरावे घेण्यात घालवावीत. रेकॉर्ड कसं तयार होतं हे ज्याने पाहिलं, त्यालाच त्यातली फट दिसते. आणि पक्षकारांना एवढंच सांगणं: निकाल विरुद्ध गेला तर त्याच दिवशी नकलेचा अर्ज करा आणि सगळे कागद वकिलाच्या हाती द्या, गैरसोयीचे वाटणारेसुद्धा. अपील तिथून सुरू होतं.